दोन सामाजिक चलांमधला संबंध तपासताना संख्याशास्त्रीय पद्धत कशी निवडावी: नव्या संशोधकांसाठी

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी मानखुर्द-गोवंडी भागात दोन महिने फिरून प्रश्नावल्या भरल्या, सगळी माहिती संगणकावर चढवली आणि मग मार्गदर्शकांसमोर जाऊन विचारले, "आता यावर कोणती टेस्ट लावू?" त्यांनी प्रश्नावली उलटून पाहिली आणि मासिक उत्पन्नाच्या प्रश्नावर बोट ठेवले. मी उत्पन्न रुपयांत न विचारता चार गटांत विचारले होते, शेवटचा गट 'वीस हजारांहून जास्त' असा उघडा ठेवला होता आणि जवळजवळ निम्मी घरे त्याच गटात जाऊन बसली होती. उत्पन्न आणि मुलांच्या शिक्षणावरचा खर्च या दोन चलांचा, म्हणजे घरागणिक बदलणाऱ्या दोन गोष्टींचा, सहसंबंध (एकीबरोबर दुसरी किती नेमाने वाढते किंवा घटते ते सांगणारा आकडा) काढण्याचा माझा बेत तिथेच संपला. पद्धत निवडण्याचा प्रश्न मला आकडेवारी हातात आल्यावर पडला होता, पण निवड प्रश्नावली छापली त्याच दिवशी होऊन गेली होती. पुढच्या पायऱ्या म्हणूनच सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी एकदा वाचाव्यात आणि परत आल्यावर पुन्हा एकदा.

१. सुरुवातीला हाताशी काय असावे

प्रश्नावलीची अंतिम प्रत, प्रत्येक उत्तराला कोणता अंक दिला ते सांगणारे कोडबुक, नमुना कसा निवडला याची एक पानभर नोंद, उत्तरदात्यांच्या संमतीची कागदपत्रे आणि मूळ माहितीची एक अशी प्रत जिला कोणीही हात लावणार नाही, एवढ्या गोष्टी जमवून ठेवाव्यात. यांच्या जोडीला 'रिकामी कोष्टके' तयार करावीत, म्हणजे अहवालात जी कोष्टके यावीत असे वाटते त्यांची शीर्षके, ओळी आणि रकाने आकड्यांशिवाय कागदावर आखून पाहावेत. जे कोष्टक आखता येत नाही, त्याच्यासाठीचा प्रश्न बहुधा प्रश्नावलीत नीट विचारलेला नसतो.

सॉफ्टवेअरची चिंता करण्याचे कारण नाही. एसपीएसएस विकत घ्यावे लागते, पण आर, जामोवी आणि पीएसपीपी विनामूल्य मिळतात, आणि मेनूतून काम करायची सवय असलेल्यांना जामोवी दोन दिवसांत हाताळता येते. एक्सेल प्राथमिक कामाला चालते. मात्र त्यातले काय-वर्ग (काय-स्क्वेअर) कसोटीचे फंक्शन अपेक्षित संख्या (त्या काय ते चौथ्या पायरीत येईल) स्वतः काढत नाही, ते कोष्टक तुम्हालाच करून द्यावे लागते, आणि उत्तरात काय-वर्गाची किंमत न येता थेट पी-मूल्य येते, म्हणजे संबंध मुळीच नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांच्या प्रबंधिकांत पी-मूल्यच काय-वर्ग म्हणून छापले गेलेले मी पाहिले आहे.

विश्लेषणाआधी आणखी एक गोष्ट तपासावी. 'उत्तर दिले नाही' यासाठी ९९ हा अंक वापरला असेल, तर तो गहाळ उत्तर आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले आहे का? सांगितले नसेल तर वय न सांगणाऱ्या प्रत्येक बाईला यंत्र नव्व्याण्णव वर्षांची धरते आणि तुमची सरासरी मुकाट्याने वर चढत जाते.

२. प्रश्न एका वाक्यात लिहा

'पाणीपुरवठा आणि स्त्रियांचे जीवन' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'ज्यांच्या घरात स्वतंत्र नळ आहे अशा स्त्रियांमध्ये पगारी काम करणाऱ्यांचे प्रमाण सामायिक नळावर अवलंबून असलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे का?' हा प्रश्न झाला. या वाक्यातून तीन गोष्टी कळतात. परिणाम म्हणून कशाकडे पाहायचे आहे, कारण किंवा पार्श्वभूमी म्हणून कशाकडे, आणि मोजणीचे एकक कोण. इथे एकक स्त्री आहे, घर नाही. एकाच घरातल्या सासू-सून दोघींना विचारले असेल तर त्या दोन नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत, हेही लगेच लक्षात येते.

ज्यांची तुलना करायची ती माणसे वेगवेगळी आहेत की तीच माणसे दोन वेळा मोजली आहेत, हेही याच टप्प्यावर ठरवावे. पुनर्वसनाच्या इमारतीत जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतर त्याच कुटुंबांना विचारले असेल, तर जोडीने येणाऱ्या मोजमापांच्या कसोट्या लागतात: हो-नाही उत्तरांना मॅकनेमार, संख्यांना जोडी टी-कसोटी (ती सरासऱ्यांची तुलना करते), आणि संख्यांमधला फरक फारच वाकडातिकडा असेल तर विल्कॉक्सन.

३. प्रत्येक चल कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

१९४६ साली मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी मापनाच्या चार पातळ्या सांगितल्या, आणि आजही पाठ्यपुस्तके तिथूनच सुरू होतात. नामवाचक चलात केवळ गट असतात, जसे धर्म, मातृभाषा, घराचा प्रकार. क्रमवाचक चलात गटांना चढता-उतरता क्रम असतो, पण दोन पायऱ्यांमधले अंतर सारखे आहे याची हमी नसते. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' ही त्याची नेहमीची जागा. अंतराच्या आणि गुणोत्तराच्या पातळीवर खऱ्या संख्या येतात: वय, रुपये, शिक्षणाची वर्षे, प्रवासाची मिनिटे. व्यवहारात या शेवटच्या दोन पातळ्यांसाठी बहुतेक कसोट्या सारख्याच असतात, त्यामुळे नवख्याने गट, क्रम आणि संख्या हे तीन शब्द लक्षात ठेवले तरी काम भागते.

खरी अडचण व्याख्या पाठ करण्यात नसून मुंबईतल्या उत्तरांना त्या व्याख्यांत बसवण्यात आहे. 'घर स्वतःचे की भाड्याचे?' हा प्रश्न वरवर सरळ दिसतो. गिरगावातल्या चाळीत पागडीने, म्हणजे आधी मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर, राहणारा माणूस घरमालकाकडून भाडेपावती घेत असूनही 'स्वतःचे' म्हणतो, आणि त्याच जिन्यावरचा शेजारी 'भाड्याचे' म्हणतो. दोघेही खरेच बोलत असतात. पागडीला वेगळा पर्याय दिला नसेल, तर नंतर कितीही नाजूक कसोटी लावली तरी तो गोंधळ सुटत नाही. प्रवासवेळेचेही तसेच. लोकलने कामावर जायला किती वेळ लागतो असे विचारले की लोक ४५, ६०, ९० असे गोल आकडे देतात. त्रेपन्न मिनिटे असे कोणी सांगत नाही. चल संख्येचा असला तरी त्याची उत्तरे ढिगाऱ्या-ढिगाऱ्यांनी येतात, आणि आलेख पाहताना याचे भान ठेवावे लागते.

एक साधा नियम: जे संख्येत विचारता येते ते संख्येतच विचारावे. संख्येचे गट केव्हाही पाडता येतात, गटांची संख्या पुन्हा करता येत नाही. लोक उत्पन्न सांगायला कचरतात हे खरे आहे, पण तेव्हा गट अधिक आणि अरुंद करावेत, शेवटचा उघडा गट शक्य तितका वर न्यावा, आणि उत्पन्नाऐवजी महिन्याचा खर्च विचारून पाहावा. तो बायका जास्त मोकळेपणाने आणि जास्त अचूक सांगतात, असा माझा अनुभव आहे.

४. दोन्ही चल गटवाचक असतील तर: काय-वर्ग कसोटी

सामाजिक शास्त्रांच्या प्रबंधिकांमध्ये हीच परिस्थिती सर्वांत जास्त वेळा येते, म्हणून इथे थोडे थांबू. कार्ल पिअर्सन यांनी ही कसोटी १९०० साली मांडली. नळाचेच उदाहरण घेऊ. यातले आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत, कुठल्या सर्वेक्षणातले नाहीत.

समजा २०० स्त्रिया आहेत. त्यांपैकी १२० जणींच्या घरात स्वतंत्र नळ आहे आणि त्यांतल्या ६६ पगारी काम करतात, ५४ करत नाहीत. उरलेल्या ८० जणी सामायिक नळावर अवलंबून आहेत. त्यांतल्या २८ काम करतात, ५२ करत नाहीत. पहिले काम टक्केवारीचे, आणि ती ज्या चलाकडे आपण पार्श्वभूमी म्हणून पाहतो त्याच्या एकूण संख्येवर काढावी: स्वतंत्र नळ असलेल्यांत ५५ टक्के, सामायिक नळ असलेल्यांत ३५ टक्के. उलट दिशेने, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी किती जणींकडे नळ आहे अशी टक्केवारी काढली, तर ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होते. सॉफ्टवेअर दोन्ही टक्केवाऱ्या दाखवायला तयार असते आणि घाईत चुकीची उचलली जाते.

आता नळाचा आणि कामाचा काहीच संबंध नसता तर काय दिसले असते? एकूण २०० पैकी ९४ जणी काम करतात, म्हणजे ४७ टक्के. तेच प्रमाण दोन्ही गटांत दिसायला हवे होते: १२० मध्ये ५६.४ आणि ८० मध्ये ३७.६. या झाल्या अपेक्षित संख्या. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांच्यातला फरक चारही चौकटींत ९.६ येतो, त्याचा वर्ग करून प्रत्येक चौकटीच्या अपेक्षित संख्येने भागले आणि चारही बेरजेला घेतले की काय-वर्ग सुमारे ७.७१ मिळतो. दोन ओळी आणि दोन रकान्यांच्या कोष्टकाला स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम: एकने कमी ओळी गुणिले एकने कमी रकाने) एक असतो, आणि त्यासाठी पाच टक्के पातळीची, म्हणजे पी-मूल्य ०.०५ ची, मर्यादा ३.८४, एक टक्का पातळीची ६.६३ आहे. ७.७१ दोन्ही ओलांडते, म्हणून हा संबंध केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

बहुतेक विद्यार्थी इथे थांबतात आणि तिथेच चुकतात. काय-वर्ग संबंध आहे का एवढेच सांगतो, तो किती घट्ट आहे ते सांगत नाही. त्यासाठी क्रॅमरचा व्ही काढावा. दोन-दोनच्या कोष्टकात काय-वर्गाला नमुन्याच्या आकाराने भागून वर्गमूळ घ्यायचे. तो ० ते १ च्या दरम्यान असतो. इथे तो सुमारे ०.२० येतो, म्हणजे संबंध आहे, पण माफक आहे.

शक्यता म्हणजे काम करणाऱ्या भागिले न करणाऱ्या: एका गटात ६६/५४, दुसऱ्यात २८/५२. या दोहोंचे शक्यता-गुणोत्तर, ज्याला सगळे ऑड्स रेशो म्हणतात, ते इथे सुमारे २.२७ येते. याचा अर्थ 'स्वतंत्र नळ असलेल्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्यांचे प्रमाण सव्वादोन पट' असा लिहिलेला मी कितीदा वाचला असेन. ५५ टक्के हे ३५ टक्क्यांच्या १.५७ पट आहेत, सव्वादोन पट नव्हेत. गुणोत्तर शक्यतांचे आहे, प्रमाणांचे नाही, आणि घटना दुर्मीळ नसते तेव्हा या दोन गोष्टींत मोठे अंतर पडते.

कसोटीच्या अटीही आहेत. प्रत्येक व्यक्ती कोष्टकात एकाच चौकटीत यावी. एकाहून जास्त पर्यायांवर खूण करायची मुभा दिलेल्या प्रश्नाला ही कसोटी सरळ लागत नाही. अपेक्षित संख्या, प्रत्यक्ष संख्या नव्हे, पाचपेक्षा कमी असलेल्या चौकटी एकूण चौकटींच्या २० टक्क्यांहून जास्त नसाव्यात आणि एकही अपेक्षित संख्या एकच्या खाली नसावी. अट मोडत असेल तर दोन-दोनच्या कोष्टकाला फिशरची अचूक कसोटी वापरावी, किंवा अर्थ बिघडत नसेल तर शेजारचे गट एकत्र करावेत. 'इतर' नावाच्या पेटीत सगळे छोटे समाज कोंबून निष्कर्ष काढणे मात्र टाळावे. त्या पेटीबद्दल काढलेला निष्कर्ष कोणाबद्दलच नसतो.

५. दोन्ही चल संख्या किंवा क्रम असतील तर: सहसंबंध

आधी विकिरण आलेख (स्कॅटर प्लॉट) काढा, मग गुणांक. १९७३ साली फ्रान्सिस अँस्कम यांनी अकरा-अकरा बिंदूंचे चार संच दाखवले होते. चारही संचांत सहसंबंध गुणांक ०.८१६, सरासरीही जवळजवळ सारख्या, पण आलेख काढल्यावर एक साधा तिरपा पट्टा, दुसरी कमान, तिसऱ्यात एकच बिंदू रेषा ओढून नेणारा आणि चौथ्यात एकाच दूरच्या बिंदूमुळे निर्माण झालेला संबंध. आकडा एकटा पाहून यांतले काहीच कळत नाही.

दोन्ही चल संख्या असतील आणि बिंदू साधारण सरळ पट्ट्यात असतील, तर पिअर्सनचा गुणांक घ्यावा. उत्पन्नासारखा चल एका बाजूला लांब शेपटी घेऊन येतो; मग त्याचा लघुगणक घ्यावा किंवा स्पिअरमनचा क्रमसहसंबंध वापरावा, जो प्रत्यक्ष किमतींऐवजी क्रमांक पाहतो. एक किंवा दोन्ही चल क्रमवाचक असले तरी स्पिअरमन चालतो. नमुना लहान असेल आणि बरोबरीची उत्तरे फार असतील, जशी ती पाच पर्यायांच्या प्रश्नांत असतातच, तर केंडॉलचा टाऊ-बी अधिक भरवशाचा. शून्याच्या आसपासचा गुणांक म्हणजे संबंध नाही असे मात्र समजू नका: वय आणि कमाई यांचा संबंध चढून उतरणारा असेल, तर सरळ रेषा शोधणारा गुणांक तो पाहूच शकत नाही.

६. एक चल गट, दुसरा संख्या

हे सोपे आहे. दोन गट असतील तर टी-कसोटी, आणि तीही वेल्चची, कारण दोन्ही गटांतला विखुरलेपणा सारखा आहे असे ती गृहीत धरत नाही. तीन किंवा अधिक गट असतील तर प्रचरण विश्लेषण, म्हणजे अनोव्हा. वितरण फार कलते असेल किंवा परिणाम क्रमवाचक असेल तर दोन गटांना मान-व्हिटनी आणि तीन किंवा अधिक गटांना क्रुस्काल-वॉलिस. अनोव्हा 'कुठेतरी फरक आहे' एवढेच सांगते. कोणत्या दोन गटांत आहे ते पाहायला नंतरच्या जोडतुलना कराव्या लागतात.

७. तिसरा चल विसरू नका

नळ आणि पगारी काम यांच्या संबंधामागे घराचे उत्पन्न, मुलांची वये किंवा वस्तीचे स्टेशनपासूनचे अंतर असू शकते. १९७३ सालच्या बर्कली विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशांचे उदाहरण यासाठी सगळीकडे शिकवतात. एकंदर पाहता पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्री अर्जदारांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. विभागवार पाहिल्यावर मात्र स्त्रियांविरुद्धचा तो कल दिसेनासा झाला, कारण ज्या विभागांत प्रवेश मिळणे सगळ्यांनाच कठीण होते तिथे स्त्रियांनी जास्त अर्ज केले होते.

म्हणून दोन चलांचे कोष्टक तिसऱ्या चलाच्या प्रत्येक गटासाठी वेगळे काढून पाहावे. नियंत्रित करायचे, म्हणजे तुलना करताना सारखे ठेवायचे, चल दोन-तीनहून जास्त झाले की कोष्टके तुटपुंजी होतात आणि प्रतिगमनाकडे, म्हणजे अनेक चलांचा परिणाशी संबंध एकाच वेळी वेगवेगळा पाहणाऱ्या रिग्रेशनकडे, वळावे लागते. कोणते प्रतिगमन हे परिणामाचा चल ठरवतो: संख्या असेल तर साधे रेषीय, हो-नाही असेल तर लॉजिस्टिक, क्रम असेल तर क्रमवाचक लॉजिस्टिक, आणि 'गेल्या महिन्यात किती वेळा' अशी मोजणी असेल तर प्वासाँ किंवा ऋण द्विपद.

इथला सर्वांत मोठा सापळा कोडबुकात दडलेला असतो. चाळीला १, झोपडपट्टीला २, पुनर्वसन इमारतीला ३ आणि सोसायटीला ४ असे अंक दिले आणि तो चल तसाच प्रतिगमनात टाकला, तर यंत्र समजते की सोसायटी म्हणजे चाळीच्या चौपट काहीतरी. असा चल डमी चलांत (प्रत्येक गटासाठी हो असेल तर १, नसेल तर ०) फोडून एक गट तुलनेसाठी बाहेर ठेवावा लागतो. शिवाय नियंत्रण म्हणून मिळेल तो चल आत ढकलू नये. नळामुळे वेळ वाचतो आणि वेळ वाचल्याने काम करता येते असा तुमचा दावा असेल, तर 'पाण्यासाठी लागणारा वेळ' नियंत्रित केल्यावर तुम्ही स्वतःचाच दावा पुसून टाकता.

८. नमुना कसा घेतला त्याचे भान

एकाच चाळीतली घरे एकमेकांसारखी असतात. दहा चाळींतून प्रत्येकी वीस घरे घेतली आणि चाळीतल्या घरांमधले साम्य (एक म्हणजे सगळी घरे अगदी सारखी) ०.०५ एवढे थोडे असले, तरी आरेखन-परिणाम, म्हणजे नमुन्याच्या रचनेमुळे अनिश्चितता वाढवणारा गुणक, १.९५ येतो. म्हणजे ती २०० घरे माहितीच्या दृष्टीने यादृच्छिक निवडलेल्या साधारण १०३ घरांइतकीच ठरतात. साध्या कसोट्यांना हे कळत नाही आणि त्या गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वासाने बोलतात. अशा वेळी समूहनिहाय सुधारित प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचे माप) किंवा घर आणि चाळ हे दोन्ही स्तर धरणारे बहुस्तरीय प्रतिमान वापरावे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखी तयार माहिती घेतली, तर तिच्यासोबत दिलेले भारांकही (प्रत्येक नोंदीला किती वजन द्यायचे ते सांगणारे आकडे) वापरावेत.

तयार तक्त्यांवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. जिल्ह्यांच्या किंवा महापालिकेच्या प्रभागांच्या टक्केवाऱ्यांवरून काढलेला सहसंबंध व्यक्तींना लागू होत नाही. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवले. राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध उणे ०.५३ होता, तर व्यक्तींच्या पातळीवर तो अधिक ०.१२ होता. चिन्हच उलटले, कारण स्थलांतरित जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. मुंबईत तर एकाच प्रभागात टॉवर आणि झोपडपट्टी भिंतीला भिंत लावून असतात. प्रभागाची सरासरी त्या दोघांपैकी कोणाचीच नसते.

९. निकाल लिहिताना

पी-मूल्य लहान आले म्हणजे संबंध मोठा, असे लिहू नये. नमुना २०,००० चा असेल तर ०.०२ एवढा सहसंबंधही एक टक्का पातळीवर सार्थक, म्हणजे योगायोग मानणे कठीण असा, ठरतो, आणि तो एकूण तफावतीचा ०.०४ टक्का भाग समजावतो. तसेच वीस प्रश्नांच्या सर्व जोड्या तपासल्या तर त्या १९० होतात. प्रत्यक्षात कशाचाच कशाशी संबंध नसला तरी पाच टक्के पातळीवर नऊ-दहा जोड्या सार्थक दिसणारच. कोणत्या जोड्या तपासायच्या ते म्हणूनच आधी लिहून ठेवावे, आणि नंतर सुचलेल्या जोड्यांना अहवालात तसेच म्हणावे.

वाक्य कसे असावे, याचा नमुना वरच्या रचलेल्या आकड्यांवरूनच देतो: 'स्वतंत्र नळ असलेल्या स्त्रियांपैकी ५५ टक्के (१२० पैकी ६६) आणि सामायिक नळ वापरणाऱ्यांपैकी ३५ टक्के (८० पैकी २८) पगारी काम करत होत्या, काय-वर्ग ७.७१, स्वातंत्र्यांश १, पी ०.०१ पेक्षा कमी, क्रॅमरचा व्ही ०.२०.' यात 'नळामुळे' हा शब्द नाही. एका वेळेच्या सर्वेक्षणातून तो लिहिता येत नाही, आणि मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्याच शब्दावर येतो.